सहाशे अंशांवरची राख

चाकणला थर्ड शिफ्ट. हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये तुम्ही टेम्परिंगच्या भट्टीसमोर उभे आहात आणि डिस्प्लेवर लाल आकडे स्थिर झालेत : ६००. या तापमानाला जिवंत असं काही उरत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. दार उघडलं की तोंडावर येणारी झळच ते सांगते.

तरी २००० सालात, एका अमेरिकन प्रयोगशाळेत एकदा डोकावून या. हॅम्स्टरचा आजारी मेंदू १५ मिनिटं याच तापमानावर, ६०० अंशांवर, जाळून त्याची राख केली आहे. ती राख निरोगी हॅम्स्टरांच्या मेंदूत टोचली जाते आणि काही महिन्यांनी त्यातले काही तोल जाऊन पडू लागतात. त्याच प्रयोगात १००० अंशांवर जाळलं, तेव्हा कुठे राख निर्धोक ठरली.

त्या आजारामागे जंतू नव्हता, विषाणूही नव्हता. होतं ते फक्त एक प्रथिन, जे तुमच्या-माझ्या मेंदूतही असतं. फरक एवढाच की त्याची घडी चुकलेली होती. शॉपफ्लोअरवर एखादा पार्ट वाकडा निघाला तर तुम्ही तो बाजूला टाकता. इथे वाकडा पार्टच साचा होऊन बसतो आणि शेजारच्या सरळ प्रथिनांना आपल्यासारखं वाकवत जातो. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर यांनी त्याला प्रायॉन हे नाव दिलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता मागे चला. १९७९, आकुर्डी. तुम्ही नऊ वर्षांचे. भटकं कुत्रं पोटरीला चावलंय, शेजारच्या काकूंनी जखमेत चुना आणि तिखट भरलंय. आई ते सगळं धुऊन काढते आणि लोकलने तुम्हाला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेते. पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला, कालची गाठ चुकवून. पाचव्या दिवसापासून सदरा पोटाला टेकला तरी कळ येते. कंपाउंडर म्हणतो, "पोट सैल सोड रे बाळा, आवळू नकोस." आई तुमचे दोन्ही हात धरून उभी असते आणि भिंतीकडे बघते.

त्या बाटलीत मेंढीचा मेंदू आहे.

१९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ही लस बसवली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मेंढी लुळी पडली की मेंदू काढून वाटायचा, फिनॉलने विषाणू मारायचा. कसौली, कुन्नूर, आपलं परळचं हाफकिन, अशा संस्थांनी मेंदूपासूनची लस पिढ्यान्‌पिढ्या पुरवली आणि अगणित पोरं वाचवली. फिनॉलने रेबीजचा विषाणू मरतो. चुकलेल्या घडीच्या प्रथिनाला फिनॉलची फारशी पर्वा नसते.

ही नुसती शंका नव्हती. १९३५ च्या ब्रिटनमध्ये चला. गोचिडीमुळे होणाऱ्या एका आजारावर मेंढ्यांसाठी लस बनवली आहे, तीही मेंढीच्याच मेंदू-मज्जेची, फॉर्मलिन घालून निर्धोक केलेली. त्यातल्या एका घाण्याची लस टोचलेल्या मेंढ्या दोनेक वर्षांनी कुंपणाला अंग घासू लागतात, लोकर निघते, कातडी सोलते, पाय लटपटतात. तो स्क्रेपी, मेंढ्यांचा प्रायॉनचा आजार. आणि १९६१ साली हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्येही स्क्रेपी आढळल्याची नोंद झाली, म्हणजे आपल्याच देशात.

म्हणून दवाखान्यातल्या त्या बाकावर परत आल्यावर तुम्हाला घाम फुटला असेल, तर नीट ऐका. सेंपलच्या लशीतून माणसाला प्रायॉनचा आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तिने दुसरा त्रास मात्र दिला : मेंढीच्या मेंदूतल्या द्रव्यावर चवताळलेली रोगप्रतिकारशक्ती काहींच्या स्वतःच्याच नसांवर उलटली आणि त्यातले काही लुळे पडले, काही गेले. २००४ च्या अखेरीस आपल्याकडे या लशीचं उत्पादन थांबलं. त्याला फार उशीर झाला असं मला ठामपणे वाटतं. पण १९७९ साली आईपुढे दुसरी वाट नव्हती. रेबीज झाला की मरण ठरलेलं. तिने योग्यच केलं.

प्रायॉनच्या आजाराची माणसांतली वाट पाहिली की सारखं हेच दिसतं. तो वैरातून पसरला नाही, मायेतून आणि काटकसरीतून पसरला. १९५७ साली पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात उतरा. फोरे लोकांच्या वस्तीत एक बाई काठीला धरून उभं राहायचा प्रयत्न करते आहे, सगळं अंग थरथरतंय. हा कुरू. आप्तांचा देह किड्यांना द्यायचा नाही, आपल्यातच ठेवायचा, म्हणून तो खाण्याची रीत होती. मेंदू बहुतेक बायका आणि लहान मुलांच्या वाट्याला यायचा. म्हणून मरत होत्या त्याही बहुतेक बायका आणि मुलंच. काही वाड्यांमध्ये लेकरं सांभाळायला बाप तेवढे उरले. कुरूने अडीच हजारांहून जास्त माणसं नेली. रीत बंद पडल्यावर ५० वर्षांनीही एखाद्याच्या मेंदूत तो जागा होत होता.

ब्रिटनमध्ये काटकसर नडली. कत्तलखान्यात उरलेली हाडं-मांस वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची पूड गायींच्या खाद्यात मिसळली. १,८०,००० हून जास्त गायींना रोग जडला. २० मार्च १९९६ ला सरकारने संसदेत कबूल केलं की तो माणसांत आला असावा. एकट्या ब्रिटनमध्ये माणसांत आलेल्या या रोगाने १७८ माणसं गेली, त्यात कितीतरी विशी-तिशीतली. फ्रान्समध्ये उंची खुंटलेल्या मुलांना मृतांच्या पियुषिका ग्रंथीतून काढलेलं संप्रेरक टोचलं गेलं. शंभराहून जास्त मुलं त्यापायी दगावली.

आता आजच्या चिंचवडला या, एका टू-बीएचकेत. तुमचे वडील. सगळी हयात टूलरूममध्ये, व्हर्नियरवरचा शतांश चष्म्याशिवाय वाचणारे. दिवाळीला ते बोलता बोलता शब्द शोधू लागले. पौषात शर्टाची बटणं एक घर चुकवून लावू लागले. माघात कुकरची शिट्टी झाली तरी सगळं अंग दचकून उडू लागलं. कुणी म्हणालं बी-ट्वेल्व्ह कमी आहे, कुणी म्हणालं रिटायर झाल्याचं मनाला लावून घेतलंय. मग एमआरआयमध्ये मेंदूच्या कडा पांढऱ्या चमकल्या, पाठीतलं पाणी तपासायला गेलं आणि न्यूरोलॉजिस्टनी तुम्हाला खुर्चीवर बसवून सांगितलं : क्रॉइट्सफेल्ट-याकोब. सीजेडी. बहुतेकांना सहा महिनेही मिळत नाहीत. औषध नाही.

जगात कुठेही वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना हा होतो. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती. आपलं शहर तरुण आहे आणि आजार साठीनंतरचा, हे धरलं तरी इथल्या एखाद-दुसऱ्या घरात तो दर वर्षी येत असणार. त्यातले किती ओळखले जातात आणि किती 'म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला' म्हणून जातात? निम्हान्सने बंगळूरला देशभरातल्या रुग्णांची नोंद ठेवली आहे, पण नोंद व्हायला आधी कुणीतरी संशय घ्यावा लागतो.

गावाकडून आत्या येते. "अरे, दादा तर माळकरी. आयुष्यात मटणाला शिवले नाहीत. त्यांना हा गायीचा रोग कसा?" तिला सांगा की हा गायीचा नाही. सीजेडीचे सुमारे ८५ टक्के रुग्ण असेच असतात, मेंदूत एक घडी आपोआप चुकते. त्यांनी काही खाल्लं नाही, कुणी काही केलं नाही. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत भारत नगण्य धोक्याच्या वर्गात आहे.

तोवर कुणीतरी वडिलांचं ताट वेगळं ठेवलेलं असतं, नातवंडांना त्यांच्या खोलीत जाऊ देत नसतात. ते ताट उचला आणि इतरांच्या ताटांत ठेवा. जपायचं असतं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. मेंदूला लागलेली हत्यारं नेहमीच्या ऑटोक्लेव्हने साफ होत नाहीत, त्यांना तीव्र कॉस्टिक सोडा आणि १३४ अंशांची वाफ लागते. घरात अंघोळ घालणं, कपडे धुणं, हात धरणं, मुका घेणं, यातून हा आजार कुणाला होत नाही. दादांना बोलता येत नसलं तरी नातवाचा हात हातात आला की त्यांचं दचकणं थोडं कमी होत असेल, तर तो हात त्यांच्यापासून तोडू नका.

रात्री धाकटी बहीण विचारते, "आपल्यालाही होईल का रे?" दहा-पंधरा टक्के रुग्णांत हा आनुवंशिक असतो. एका जनुकाच्या तपासणीतून ते कळतं. पण ती तपासणी समुपदेशकाशी बोलल्याशिवाय करू नका. आधी दादांची करा. त्यांच्यात तो बदल नसेल, तर तिला आणि तुम्हाला करायची गरजच उरत नाही.