ऊस हंगाम सुरू झाला, रात्रीचा रस्ता सांभाळा : ट्रॉलीच्या रिफ्लेक्टरपासून नुकसानभरपाईपर्यंत कामाची माहिती

दिवाळी सरली की आपल्या सोलापूर जिल्ह्यातले रस्ते बदलतात. कालपर्यंत ज्या रस्त्यावर एखादी एसटी, दुधाची गाडी आणि चार-दोन मोटारसायकली दिसायच्या, तिथं उसानं भरलेल्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. साखर कारखाने जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा राज्यात अगदी वर आहे. त्यामुळं माढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा, मोहोळ, मंगळवेढा कुठंही जा, पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर ऊस असणारच. त्यातच कार्तिकी वारी येते, पुढं माघी येते. दिंड्या रस्त्याच्या कडेनं चालत असतात आणि त्याच रस्त्यानं कारखान्याची खेप चाललेली असते.

दर हंगामात एकाच तऱ्हेची बातमी वाचायला मिळते. उभ्या ट्रॉलीला दुचाकी मागून धडकली. गावं बदलतात, वय बहुतेक वेळा विशी-पंचविशीचं असतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात हा आकडा १५ हजारांच्या वर होता. देशातले यातले बहुतांश मृत्यू शहरात नाही, ग्रामीण भागात झालेत. म्हणून ही माहिती एकदा वाचून ठेवा आणि घरात जो गाडी चालवतो त्याला पाठवा.

ट्रॉली दिसत कशी नाही?

अपघात झाला की लोक म्हणतात, "एवढी मोठी ट्रॉली, दिसली कशी नाही त्याला?" थोडा हिशोब करून बघू.

ताशी ६० किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी २५ ते ३० मीटर लागतात. एकूण ५० मीटरच्या पुढं. आणि डिपरवर असलेल्या लाइटीत समोरची काळपट, धुळीनं माखलेली वस्तू दिसते ती ३०-४० मीटरवर. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. पोरगं कितीही सराईत असलं तरी हा हिशोब बदलत नाही.

त्यात समोरून अप्पर मारत चारचाकी आली तर डोळ्यांपुढं अंधारी येते. नजर पुन्हा नीट बसायला काही सेकंद जातात. पाच सेकंद धरले तरी ६० च्या वेगात ८० मीटर अंतर आपण आंधळ्यासारखं कापतो.

हाच हिशोब ४० च्या वेगानं केला तर गाडी साधारण ३० मीटरमध्ये थांबते. म्हणजे दिसणं आणि थांबणं याची गाठ पडते. रात्री कारखान्याच्या रस्त्यावर ४० च्या पुढं काटा जाऊ देऊ नका, असं सांगतात ते याच्यासाठी.

ट्रॉलीवाल्यांनो, आधी तुमच्यासाठी

नियम साधा आहे. मागं लाल, पुढं पांढरा आणि बाजूला पिवळा असा रिफ्लेक्टर हवा. हंगामाच्या सुरुवातीला पोलिस, आरटीओ आणि कारखाने मिळून लाल कापडी रिफ्लेक्टर वाटतात, फोटो निघतात. पण खरी गडबड पुढं होते. पहिल्या आठ दिवसांतच रिफ्लेक्टरवर चिखल बसतो. ट्रॉली फडात भरताना मागच्या बाजूनं ऊस फूटभर बाहेर राहतो, वाढे लोंबतात आणि रिफ्लेक्टर झाकून टाकतात. रिफ्लेक्टर आहे पण दिसत नाही, मग तो असून काय उपयोग? फडातून निघताना एक ओलं फडकं मारा आणि लोंबणारे वाढे कोयत्यानं छाटा. दोन मिनिटांचं काम आहे.

डबल ट्रॉली असेल तर रिफ्लेक्टर दोन्ही ट्रॉल्यांना लावा. पुष्कळ जण फक्त शेवटच्या ट्रॉलीला लावतात. आडव्या रस्त्यावरून ट्रॅक्टर मुख्य रस्त्यावर चढत असतो तेव्हा समोरच्याला ट्रॅक्टर गेलेला दिसतो, मधली ट्रॉली दिसत नाही. बाजूची पिवळी पट्टी त्याच्यासाठी असते. टेल लाइटची वायर ट्रॉली जोडताना लावायची असते हे तर बरेच जण विसरूनच गेलेत.

टायर फुटला, पाटा तुटला, डिझेल संपलं तर ट्रॉली शक्य तितकी साइडपट्टीवर घ्या. मागं पन्नासेक पावलांवर काहीतरी चमकणारं ठेवा, नाहीतर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. झाडाच्या फांद्या टाकून ठेवण्याची आपली जुनी पद्धत दिवसा ठीक आहे, रात्री फांदी कुणाला दिसते?

आणि दगडांचं काय? चाकाला लावलेले दगड काम झाल्यावर तिथंच टाकून ट्रॅक्टर निघून जातो. गेल्या हंगामात टेंभुर्णीकडून कुर्डुवाडीला येताना रात्री नऊच्या सुमारास मीच असा दगड चुकवताना पडता पडता वाचलो. माझ्या मागं बायको आणि मांडीवर मूल होतं. दगड टाकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. तो तर तोवर काट्यावर वजन करत असेल.

टेपचा आवाजही त्यातलाच. ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्यानं गाणी चाललेली असतात की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. रात्रभर जागायचं असतं, गाण्यानं झोप उडते, हे खरं आहे. चोवीस तास नंबरला थांबून परत खेपेला निघणाऱ्या ड्रायव्हरची झोप हा वेगळाच विषय आहे आणि त्याचं उत्तर एकट्या ड्रायव्हरकडं नाही. कारखान्याच्या तळावर झोपायला जागा, पाणी आणि नंबरचा ठरलेला वेळ मिळाला तर निम्मा प्रश्न सुटेल.

ओव्हरटेकचं गणित

ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-सोळा मीटर लांबी होते. तो ताशी २० नं चाललाय आणि तुम्ही ४५ नं. मागची-पुढची मोकळी जागा धरून त्याला पार करायला चार ते पाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ५५-६० मीटर पुढं जाता आणि समोरून ७० नं येणारी गाडी ८५-९० मीटर जवळ येते. म्हणजे समोर निदान दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसला तरच बाहेर पडायचं. वळणावर, पुलावर, चढावर एवढा रस्ता दिसतच नाही. एका ट्रॉलीमागं दुसरी लागून चालली असेल तर हे अंतर दुप्पट धरा. ट्रॉलीवाल्यांनीही एकमेकांत जागा सोडली पाहिजे, म्हणजे दुचाकीवाल्याला मध्ये शिरता येतं.

शेतातून निघालेल्या टायरला चिखल येतो आणि तो डांबरावर पडतो. दव पडलेल्या पहाटे त्यावर चाक गेलं की दुचाकी घसरतेच. दूध घालायला जाणाऱ्यांनी फडाच्या वाटेजवळ ब्रेक जोरात दाबू नये, आधीच वेग कमी करावा.

हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. "गावातल्या गावात कशाला" हे वाक्य आपण सगळेच बोलतो, मीही बोललोय. ट्रॉलीच्या मागच्या फळीची उंची आणि दुचाकीस्वाराच्या डोक्याची उंची जवळपास सारखी असते, एवढं लक्षात ठेवा.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देऊन अपघात झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला उशीर होतोय म्हणून चावी देण्याआधी हे घरात बोलून घ्या.

ट्रॉलीवर बसणारे

ऊसतोड कुटुंबं एका फडावरून दुसऱ्या फडावर जाताना भांडीकुंडी, शेरडं, लेकरं सगळं ट्रॉलीत असतं. भरलेल्या उसावर बसून जाणारेही दिसतात. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, सभा यालाही ट्रॉलीच. इथं विम्याची एक गोष्ट माहीत हवी. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो आणि ट्रॉलीत बसलेली माणसं त्यात साधारणपणे धरली जात नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईची जबाबदारी ट्रॅक्टरमालकावर येऊ शकते. जमीन विकायची वेळ येईल एवढी ती रक्कम असू शकते. मुकादम आणि मालक दोघांनीही मजूर नेताना टेम्पो किंवा एसटीचा विचार करावा.

वडाप की एसटी?

वडापला नावं ठेवणं सोपं आहे. पण एसटी दिवसातून दोनदा येणार आणि त्यातली एक रद्द होणार असेल, तर बाजारला जाणारी म्हातारी काय करणार? वडाप हात केला की थांबतं, वाडीवस्तीपर्यंत सोडतं. धोका तिथं आहे जिथं नऊ जणांच्या गाडीत सतरा बसतात आणि तीन पोरं मागं लोंबकळतात. विमा परवान्यातल्या संख्येचा असतो. त्याच्या वरच्या माणसांच्या भरपाईवरून वाद होतो, आणि कुणाला वरचा धरायचं हे कोर्टात ठरतं.

एसटीच्या सवलती अजूनही सगळ्यांना माहीत नाहीत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत आहे, बाकी विद्यार्थ्यांना पासासाठी भाड्याच्या फक्त एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. वयाचा पुरावा, आधार कार्ड सोबत ठेवा.

शाळेच्या वेळेची फेरी बंद झाली असेल तर कंडक्टरशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात नसतं ते. ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र आणि किती मुलं जातात-येतात त्यांची यादी जोडून आगार व्यवस्थापकांकडं लेखी अर्ज द्या. पोहोच घ्या. एक प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. फेरीला प्रवासी किती मिळतात हे आगारात बघितलं जातं, म्हणून मुलांची यादी सगळ्यात महत्त्वाची. आणि फेरी चालू झाली की त्या एसटीत बसा, नाहीतर महिन्यात पुन्हा बंद पडते.

कोंडीबद्दल थोडंच सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी चौकातून ऊस नेऊ नये आणि वारीच्या दिवसांत पोलिस जो वळणाचा रस्ता ठरवतात तो पाळावा, एवढं झालं तरी पुष्कळ झालं. बाजाराच्या दिवशी निम्मी कोंडी दुचाकी आडव्या लावल्यानं होते, ट्रॉलीनं नाही.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. पोलिस, रुग्णवाहिका कशासाठीही ११२ चालतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही नंबर आहे. गावाचं नाव, जवळचा फाटा, किलोमीटरचा दगड सांगा. "कारखान्याच्या पुढं" एवढंच सांगितलं तर गाडी भलतीकडं जाते.

"मदत करायला गेलो तर केस मागं लागेल" ही भीती काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. जखमीला उचलताना मान हलू देऊ नका, हेल्मेट ओढून काढू नका, रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी पाजायची घाई करू नका.

उपचारासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार होतात. दवाखान्यात गेल्या गेल्या ही योजना तिथं लागू आहे का ते विचारा आणि पोलिसांना कळवलं गेलंय याची खात्री करा, कारण त्यांच्या खातरजमेशिवाय पुढचं काम अडतं.

धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा. एफआयआरची प्रत, पंचनामा, दवाखान्याचे कागद, बँक पासबुक जोडा. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. दहावं-तेरावं, दवाखान्याच्या चकरा, पोलिस ठाण्याच्या चकरा यात सहा महिने कधी गेले ते कळत नाही. म्हणून घरातल्या एका शहाण्या माणसानं पहिल्या महिन्यातच वकिलाला गाठावं.

जागेवरचे फोटो काढून ठेवा: गाडीचा नंबर, ट्रॉलीची मागची बाजू, रिफ्लेक्टर होता की नव्हता, रस्त्यावरचे दगड, ब्रेकच्या खुणा. सकाळपर्यंत ट्रॉली हललेली असते आणि मागं रिफ्लेक्टर लावलेला असतो.