आधी कोळसा, मग शेगडी

विलायतेत आणि अमेरिकेत उन्हाळा तोंडावर आला, की दुकानांच्या दर्शनी भागात प्रवासी शेगड्या मांडल्या जातात. कोणी घडीची, कोणी पेटीएवढी, कोणी बादलीच्या आकाराची. गिऱ्हाईक येते, झाकण उघडून पाहते, पाय दुमडून पाहते, हाताने वजन तोलते आणि मोटारीच्या डिकीत ती मावेल की नाही याचा मनाशी अंदाज बांधते. आत काय जळायचे आहे, हा प्रश्न मात्र ते सर्वांत शेवटी विचारते. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. या शेगडीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासच तसे सांगतो.

मी या वाटेला गेलो तो एका पत्रामुळे. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, विकत घेतले आणि "सर, बार्बेक्यूची कोणती शेगडी घेऊ?" असे मला विचारले. इतिहासाच्या मास्तराला असला प्रश्न विचारला म्हणजे उत्तर थेट कसे मिळणार? तो बिचारा दुकानाचे नाव मागत होता आणि मी सोळाव्या शतकात जाऊन बसलो.

कारण 'बार्बेक्यू' हा शब्दच मुळी तिथला. वेस्ट इंडीज बेटांतले टाइनो लोक काठ्यांचा उंच माचा रचीत, त्याला ते 'बार्बाकोआ' म्हणत. स्पॅनिश बखरकार ओव्हिएदो याने १५२६ साली तो शब्द नोंदवून ठेवला. वर मांस, खाली निखारे, असा तो प्रकार. हा माचा काही कोणी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडत नसे. जिथे लाकूड तिथे विस्तव, आणि जिथे विस्तव तिथे जेवण. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पोपटी लावतात, तिच्यासाठी तरी कोण शेगडी घेऊन जातो? मडके, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि शेतातला पालापाचोळा, एवढ्यावर भागते.

शेगडी बरोबर न्यायची गरज पडली ती हौसेने घर सोडणाऱ्यांना. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक गृहस्थ होते. आरमारातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची ऐटदार गाडी बांधवून घेतली आणि ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत मुशाफरी केली. निव्वळ मौजेसाठी बांधलेली ही पहिली कॅरव्हॅन मानतात. बरोबर गाडीवान, बरोबर नोकर. तो नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाही! गाडीत स्वयंपाकाला तेलावर चालणारी चूल होती. लाकूडफाट्याचा धूर त्या महोगनीच्या भिंतींना कसा परवडणार?

पुढे १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह काढला आणि तेलाच्या चुलीचे रूपच पालटले. वात नाही, काजळी नाही. पंपाने दाब द्यायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ व्हायची आणि हवेत मिसळून निळी ज्योत लागायची. १९११ साली आमुन्सेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. आणि तोच फरफरणारा स्टोव्ह गिरगाव-परळच्या खोल्यांतून कित्येक पिढ्यांचा चहा उकळीत होता. भोक तुंबले म्हणून पिन शोधताना झालेली घरातली धांदल वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नकोच. पण प्रायमसवर वांगे भाजून पाहा! शिजवायला तो उत्तम. निखाऱ्याची चव त्याच्यापाशी नाही.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. ती अमेरिकेतली आहे.

१९१५ च्या सुमारापासून चार नामवंत माणसे उन्हाळ्यात रानावनात तंबू ठोकायला जाऊ लागली. मोटारवाला हेन्री फोर्ड, विजेचा जादूगार एडिसन, टायरवाला हार्वे फायरस्टोन आणि वृद्ध निसर्गलेखक जॉन बरोज. स्वतःला ते 'भटके' म्हणवीत. यातले बरोज मूळचे मोटारीचे निंदक. फोर्डने त्यांना एक मोटारच भेट दिली आणि निंदा थांबली. मास्तरकीच्या धंद्यात मलाही विरोधक पुष्कळ भेटले, पण हा उपाय माझ्या आवाक्यातला नव्हता.

साधे जीवन जगायला म्हणून ही मंडळी निघत. साधेपणाचा थाट असा, की प्रत्येकाला वेगळा तंबू, तंबूत एडिसनच्या बॅटरीवर लागणारे दिवे, मधोमध फिरत्या तबकाचे भले मोठे गोल जेवणाचे टेबल, आणि स्वयंपाकासाठी फोर्डच्या कारखान्यात खास बांधलेली मोटार. तीत पेट्रोलवर चालणारी चूल होती आणि बर्फाची पेटीही. चुलीपाशी आचारी उभे असत. वर्तमानपत्रांचे बातमीदार नि सिनेमाचे छायाचित्रकार मागोमाग येत. १९२१ साली तर अध्यक्ष हार्डिंग मेरीलँडच्या तळावर पाहुणे म्हणून आले. फोर्ड आणि बरोज यांची लाकूड फोडण्याची शर्यत लागे, पण त्या लाकडावर रोजचा स्वयंपाक होत नसे. मला यात ढोंगापेक्षा भाबडेपणा अधिक दिसतो. माणूस श्रीमंत झाला म्हणून विस्तवापाशी बसण्याची ओढ जात नाही. राख काढायला मात्र तो दुसरा माणूस ठेवतो.

१९२४ नंतर या सहली थांबल्या. पण तोवर फोर्डच्या घरी निराळाच विस्तव तयार होत होता.

फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत त्या काळी लाकूड बरेच लागे. सांगाडा, तळ, चाकांचे आरे, सगळे लाकडी. आपले रान असावे म्हणून त्याने एडवर्ड किंग्सफर्ड या नातलगाला हाताशी धरले. हा त्याच्या चुलतबहिणीचा नवरा, जमिनीच्या व्यवहारातला जाणता. १९२० च्या सुमारास त्याच्या मध्यस्थीने मिशिगनच्या उत्तर भागात तीन लाख एकरांहून अधिक जंगल घेतले गेले आणि आयर्न माउंटन या गावालगत लाकूड कापण्याची मोठी गिरणी उभी राहिली. त्या गिरणीभोवती जी वस्ती वाढली, तिचे नावच पुढे किंग्सफर्ड पडले.

गिरणी म्हटली की भुसा आला, ढलप्या आल्या, फांद्यांचे तुकडे आले. फोर्डला वाया जाणारी वस्तू पाहवत नसे. त्याने तिथेच कारखाना घालून ते टाकाऊ लाकूड बंद भट्ट्यांत तापवायला सुरुवात केली. त्यातून मद्यार्क निघे, आम्ल निघे, डांबर निघे आणि उरे तो कोळसा. एक टन लाकडामागे सुमारे सहाशे पौंड कोळसा! ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ओरिन स्टॅफर्ड यांच्या पद्धतीने हा कोळसा दळायचा, त्यात खळ मिसळायची आणि दाबून उशीच्या आकाराच्या वड्या पाडायच्या. आपल्या आयाबाया कोळशाच्या चुरीत शेण-माती कालवून उन्हात गोळे वाळवीत, त्याचाच हा यांत्रिक अवतार. कल्पना नवी नव्हती. कोळशाच्या वडीचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर या गृहस्थांनी १८९७ मध्येच घेतले होते. नवे होते ते प्रमाण.

आणि तिथेच पंचाईत झाली. वड्यांचा डोंगर झाला. मांस-मासे धुरावणारे कारखाने त्या घेत, पण घेऊन घेऊन किती घेणार? तेव्हा फोर्डच्या माणसांनी डोके लढविले. १९३० नंतरच्या दशकात फोर्ड मोटारींच्या दुकानांत 'सहलीची पेटी' विकायला आली. पेटीत कोळशाच्या वड्या आणि बरोबर एक लहानशी सुटसुटीत शेगडी. मोटार आमची, सहलीला न्यायचा कोळसा आमचा, आणि तो खपावा म्हणून शेगडीही आमचीच. आज जिची आपण इतक्या चिकित्सेने निवड करतो, ती प्रवासी शेगडी घरोघरी पोचवण्यात कोळशाचा साठा खपवण्याच्या या खटपटीचा मोठा वाटा आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. युद्धकाळात त्या गिरणीच्या कारखान्यात सैन्यासाठी चार हजारांहून अधिक लाकडी ग्लायडर विमाने तयार झाली. १९५१ साली कोळशाचा धंदा फोर्डच्या हातून गेला आणि त्याला किंग्सफर्डचे नाव मिळाले. आज अमेरिकेत त्या वड्या घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपण मोटारीच्या भुशावर मक्याची कणसे भाजायला शिकलो?

१९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा बारा मुलांचा बाप वेबर बंधूंच्या धातुकामाच्या कारखान्यात काम करीत होता. तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. उघड्या शेगडीवर वाऱ्याने राख उडते, पावसाने विस्तव विझतो, याचा त्याला वैताग. त्याने बोयाचे अर्धगोल घेतले, एकाला पाय लावले, दुसऱ्याचे झाकण केले. पहिल्या खेपेला झाकण घालताच निखारे विझले. तेव्हा एका शेजाऱ्याने वारा जायला भोके पाड म्हणून सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती भोके हीच खरी युक्ती. ती उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते, आणि चरबी ठिबकून उठणारा भडका झाकणाखाली गुदमरतो. त्याच शेगडीची धाकटी आवृत्ती आज प्रवासात नेतात. याच सुमारास अमेरिकेत घरचा स्वयंपाक बायकोचा आणि अंगणातला विस्तव नवऱ्याचा, अशी वाटणीही रूढ झाली. चुलीपाशी जन्मात न फिरकलेला पुरुष एप्रन बांधून शेगडीपाशी उभा राहू लागला. मसाला वाटणे आणि मागाहून भांडी घासणे कोणाकडे राहिले, हे घरातल्या वाचकांनी घरातल्या वाचकांना विचारावे.

फ्रान्समध्ये १९४९ साली 'कॅम्पिंग गॅझ' या नावाने लहान निळ्या नळकांड्या निघाल्या आणि गॅसही मुशाफिरीला निघाला. काडी ओढली की पेट, खटका फिरवला की विझ. राख नाही, वाट पाहणे नाही. मात्र गॅसगॅसांत फरक आहे. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते. प्रोपेनची उणे चाळीसपर्यंत होते. हिमालयात किंवा स्कॉटलंडच्या थंड पहाटे ब्युटेनची भरलेली नळकांडी हातात घेऊन उपाशी बसलेले प्रवासी असतात, ते यामुळे.

तेव्हा निवड करायची ती अशी. दिवसभर एकाच तळावर मुक्काम असेल, उघडे मैदान असेल, आणि निखारे फुलायला अर्धा तास थांबायची तयारी असेल, तर कोळसा घ्यावा. शेगडीला झाकण आणि वाऱ्याची भोके हवीत, पाय जमिनीपासून उंच हवेत, नाही तर खालचे गवत करपते आणि तळाचा मालक रागावतो. रोज मुक्काम हलणार असेल तर गॅस. कारण कोळशाची शेगडी जेवणानंतर कित्येक तास गरम राहते आणि ती तशीच गाडीत ठेवता येत नाही. पुष्कळ तळांवर उघड्या कोळशाला मनाईच असते, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणि ज्यासाठी मी विद्यार्थ्याला त्याच रात्री फोन लावला, ती गोष्ट इथेही लिहितो. जेवण झाले, पाऊस आला, थंडी वाजू लागली, आणि निखारे तर विझत आलेले. अशा वेळी माणसाला सहज वाटते, की शेगडी तंबूत घ्यावी, ऊब तरी मिळेल. युरोप-अमेरिकेत या एका विचाराने झोपलेली कुटुंबे सकाळी उठलेली नाहीत. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा किती तरी घट्ट धरून ठेवते. वर राखेचा थर आला, धूर थांबला, तरी तो निघतच राहतो. अमेरिकेत कोळशाच्या प्रत्येक पिशवीवर हा इशारा चित्रासह छापण्याची कायद्याने सक्ती आहे. गॅसची शेगडीसुद्धा बंद तंबूत पेटवायची नाही. शेगडी बाहेर ठेवायची, निखाऱ्यांवर पाणी ओतायचे, राख ढवळून पुन्हा ओतायचे, आणि उबेसाठी आणखी एक रजई न्यायची.

त्याने दुसऱ्या दिवशी गॅसची शेगडी घेतली. कॅरव्हॅनमध्ये वायूची सूचना देणारे यंत्र बसवले आहे का, असे मी विचारले, तर म्हणाला, ते आधीच्या मालकाने बसवलेलेच होते, फक्त त्यात बॅटरी नव्हती.