लुईव्हिलचें कायद्याचें ग्रंथालय

कायद्याच्या एखाद्या महाविद्यालयांत प्राध्यापक किती आणि विद्यार्थी किती, हें विचारण्यापूर्वीं जाणता मनुष्य तेथील ग्रंथालय कसें आहे तें विचारतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालय लागतें, रसायनाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते. कायद्याच्या विद्यार्थ्यापुढें ना रोगी, ना परीक्षानलिका. त्याच्यापुढें असतात तीं पूर्वींच्या निकालांचीं जाडजूड बाडें, आणि त्यांतून वाट काढण्याची विद्या हीच त्याची खरी विद्या. शिवाय असें ग्रंथालय म्हणजे नुसतें कपाटांचें दालन नसतें. अभिरूप न्यायालयाची सूचना तेथेंच लागते, गांवच्या कोर्टांत कोणता महत्त्वाचा खटला उभा आहे ही वार्ता तेथेंच कळते, आणि जुन्या विद्यार्थ्यांचीं टिपणें नव्यांच्या हातीं तेथेंच पडतात. अशाच एका ग्रंथालयाची ही हकीकत आहे. तें अमेरिकेंतील केंटकी राज्यांत, ओहायो नदीच्या कांठीं वसलेल्या लुईव्हिल शहरीं आहे. न्यूयॉर्क-बोस्टनच्या मानानें हें शहर दुय्यमच. आणि नेमकी हीच गोष्ट या हकीकतीच्या मुळाशीं आहे.

लुईव्हिल येथें विश्वविद्यालयाच्या कायदेशाळेचा आरंभ इ. स. १८४६ सालीं झाला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८५६ च्या नोव्हेंबरांत, त्याच शहरीं लुई ब्रँडाइस यांचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. १८४८ च्या उठावाचा मोड झाल्यावर बोहेमियांतून देशांतर करून आलेलें हें ज्यू कुटुंब. मुलाच्या मनावर खरी छाप पडली ती मामाची. मामा लुईस डेंबित्झ हे लुईव्हिलचे वकील, गाढे विद्वान आणि गुलामगिरीचे विरोधक; १८६० सालीं लिंकन यांना अध्यक्षपदाची उमेदवारी देणाऱ्या सभेस ते प्रतिनिधि म्हणून गेले होते. भाच्यानें या मामाखातर आपलें मधलें नांव बदलून ‘डेंबित्झ’ असें लावून घेतलें. मामाचें नांव लावणारा भाचा आपल्याकडे सहसा आढळायचा नाहीं, पण यावरून त्या मुलाची निष्ठा कशी चिवट होती हें दिसून येतें. तीच निष्ठा पुढें गांवाच्या वांट्याला आली.

ब्रँडाइस १८७५ सालीं हार्वर्डच्या कायदेशाळेंत दाखल झाले. तेथें दिवस-रात्र वाचन करून त्यांचे डोळे अधू झाले व वैद्यांनीं वाचन कमी करण्यास बजाविलें. तेव्हां सहाध्यायी निकालपत्रें मोठ्यानें वाचीत आणि हे ऐकून ध्यानांत ठेवीत. असें असूनही अभ्यासक्रम पुरा होतांना त्यांचा क्रमांक पहिला आला. वय मात्र एकवीस वर्षांचेंही नव्हतें, म्हणून पदवी देण्यासाठीं संस्थेला आपला नियम शिथिल करावा लागला. पुस्तकांची किंमत त्यांना अशी डोळ्यांनीं मोजावी लागली होती.

पुढें बोस्टन येथें वकिली करीत असतां १९०८ सालीं त्यांनीं जें एक काम केलें, त्यानें अमेरिकेंतील वकिलीची रीतच पालटली. ऑरेगन राज्यानें धुलाईच्या कारखान्यांत स्त्रियांकडून दिवसाला दहा तासांहून अधिक काम घेण्यास बंदी केली होती, आणि हा कायदा घटनेस धरून आहे कीं नाहीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें होता. त्या काळचा वकील अशा वेळीं पूर्वींच्या निकालांचे दाखले एकापुढें एक मांडी. ब्रँडाइस यांच्या लेखी युक्तिवादाचीं पानें शंभरांहून अधिक. त्यांत निव्वळ कायद्याचा भाग दोन पानांचा. बाकीच्या पानांत कारखान्यांचे अहवाल, वैद्यांचे अभिप्राय, निरनिराळ्या देशांचे कायदे. ही सामग्री त्यांची मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क व तिच्या सहकारिणी यांनीं ग्रंथालयांत बसून सुमारें दोन आठवड्यांत गोळा केली होती. खटला जिंकला आणि अशा युक्तिवादाला ‘ब्रँडाइस ब्रीफ’ असें नांवच पडलें. ज्याला ग्रंथालयानें खटला जिंकून दिला, त्याला ग्रंथालयाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.

१९१६ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं त्यांचें नांव सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविलें. कित्येक महिने वाद माजून अखेरीस सत्तेचाळीस विरुद्ध बावीस मतांनीं नेमणूक मंजूर झाली. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले ज्यू गृहस्थ. अशा पदाला पोंचलेला मनुष्य जन्मगांवाला एखादी देणगी पाठवून मोकळा होतो. ब्रँडाइस यांनीं तसें केलें नाहीं. १९२४ च्या सुमारास त्यांनीं लुईव्हिलचें विश्वविद्यालय हातीं धरलें तें ग्रंथालयाच्या बाजूनें. वॉशिंग्टनहून पुस्तकें, सरकारी अहवाल, पत्रकें, कात्रणें यांचा ओघ सुरू झाला. भाऊ आल्फ्रेड आणि त्याचें कुटुंब लुईव्हिलींच होतें. त्यांना त्यांनीं या कामास जुंपलें. एक संग्रह पहिल्या महायुद्धावरचा, एक ललितकला व संगीत यांचा, अशी विभागणी झाली. ग्रंथांची बांधणी, मांडणी, सूचि यांसारख्या बारीकसारीक गोष्टींतही ते लक्ष घालीत. घरांतील वडील माणूस धाकट्यांच्या संसाराची चौकशी पत्रांतून करतो, त्याच तऱ्हेनें हे न्यायमूर्ति ग्रंथालयाची चौकशी करीत.

यामागें त्यांचा एक सिद्धांत होता. मोठेपणाच्या शापाविषयीं ते आयुष्यभर बोलत आले. पेढी असो, कारखाना असो वा सरकार असो, सर्व कांहीं एकाच ठिकाणीं एकवटणें त्यांना घातक वाटे. विद्येचेंही तेंच. चांगली पुस्तकें आणि चांगलीं डोकीं हार्वर्डला व न्यूयॉर्कलाच जाऊन पडलीं, तर केंटकीच्या मुलानें काय करावें? विश्वविद्यालय मोठें होतें तें आपल्या आसपासच्या लोकांचें जीवन त्यांत उमटल्यानें, अशी त्यांची धारणा होती. स्वतः ते हार्वर्डला शिकले व बोस्टनला नांवारूपास आले, हें खरें. पण जो बाहेर जाऊन आला त्यालाच गांवांत काय नाहीं तें अधिक खुपतें.

या सर्व देणग्यांत कायद्याच्या विद्यार्थ्यांना सर्वांत मोलाची ठरली ती सर्वोच्च न्यायालयापुढील मूळ लेखी युक्तिवादांची. छापील निकाल कोठेंही मिळतो. परंतु त्या निकालाआधीं दोन्ही पक्षांच्या वकिलांनीं काय मांडलें, कोणता मुद्दा न्यायाधीशांनीं उचलला आणि कोणता न बोलतां बाजूला सारला, हें मूळ कागद पाहिल्यावांचून कळत नाहीं. निकाल म्हणजे पक्वान्नानें भरलेलें ताट. स्वयंपाक कसा झाला हें शिकायचें असेल तर मुदपाकखान्यांत शिरलें पाहिजे. हे युक्तिवाद न्यायालयाकडून थेट लुईव्हिलला यावेत अशी व्यवस्था ब्रँडाइस यांनीं करून दिली. असे कागद नियमानें मिळणारीं ग्रंथालयें साऱ्या अमेरिकेंत अगदीं मोजकीं. पुढें त्यांनीं स्वतःचीं खाजगी कागदपत्रेंही याच ग्रंथालयाला दिलीं. आणखी एका न्यायमूर्तीच्या घराण्यालाही त्यांनीं तेथील कागद लुईव्हिलला देण्यास राजी केलें. ते न्यायमूर्ति म्हणजे जॉन मार्शल हार्लन. येथून या हकीकतीला निराळेंच वळण लागतें.

हार्लन यांचा जन्म १८३३ चा, केंटकींतलाच. घराणें गुलाम बाळगणारें. यादवी युद्धांत ते उत्तरेच्या बाजूनें लढले, तरी गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीस प्रथम त्यांचा विरोधच होता. पुढें मत पालटलें, आणि पालटलें तें असें कीं, १८७७ पासून १९११ पर्यंत सर्वोच्च न्यायालयावर असतां कृष्णवर्णीयांच्या हक्काचा प्रश्न आला म्हणजे बहुधा हेच एकटे उभे राहात. १८८३ सालीं असा एक भिन्न निकाल लिहितांना त्यांचें मन अडलें. त्यांच्या पत्नीनें आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, न्यायमूर्ति टेनी यांची जुनी दौत तिनें घासूनपुसून, शाई भरून मेजावर ठेविली. ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊंच शकत नाहीं, असा निकाल याच टेनींनीं १८५७ सालीं दिला होता. ती दौत पुढ्यांत येतांच हार्लन यांची लेखणी चालूं लागली. १८९६ सालीं आगगाडीचे डबे वर्णावरून वेगळे ठेवण्यास सात न्यायाधीशांनीं मान्यता दिली. विरुद्ध मत एकट्या हार्लन यांचें. आपल्या रामशास्त्र्यांची आठवण व्हावी असा हा प्रसंग. भेद इतकाच कीं, रामशास्त्री दरबार सोडून गेले आणि हार्लन जागच्या जागीं बसून दर वेळीं नाहीं म्हणत राहिले.

अशा पुरुषाचे कागद लुईव्हिलच्या कायदेशाळेंत येऊन सुरक्षित झाले. पण ते वाचावयास एखादा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथें आला असता तर? केंटकीच्या कायद्यानें त्याला त्या शाळेंत शिकतांच येत नव्हतें.

१९०४ सालीं केंटकीच्या विधिमंडळानें ‘डे लॉ’ म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणाऱ्या संस्थेस हजार डॉलर दंड. एकाच संस्थेला दोन शाखा काढावयाच्या असतील तर त्यांमध्यें पंचवीस मैलांचें अंतर हवें! हा मैलांचा भाग पुढें केंटकीच्याच वरिष्ठ न्यायालयानें रद्द केला. बाकीचा कायदा कायम राहिला. हा सारा खटाटोप बेरिया कॉलेजसाठीं होता, कारण तेथें दोन्ही वर्णांचे विद्यार्थी शेजारीं बसून शिकत. बेरियाचा खटला १९०८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत हरला. तेथेंही विरुद्ध निकालपत्र लिहिलें तें हार्लन यांनींच.

लुईव्हिलचें विश्वविद्यालय शहराच्या पैशावर चाले. १९२० सालीं त्यासाठीं कर्जरोखे काढण्याचा ठराव मतदारांपुढें आला, तेव्हां शहरांतील कृष्णवर्णीय मतदारांनीं तो पाडला. ज्या संस्थेंत आमच्या मुलांना प्रवेश नाहीं तिचें कर्ज आम्हीं कां फेडावें, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १९२५ सालीं कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठीं एक लक्ष डॉलर राखून ठेवण्याचें वचन मिळालें, तेव्हां ठराव मंजूर झाला. त्यांतून १९३१ सालीं म्युनिसिपल कॉलेज उघडलें, अर्थात् वेगळें. म्हणजे वॉशिंग्टनहून ग्रंथांच्या पेट्या येत होत्या ते दिवस आणि हा झगडा चालू होता ते दिवस एकच.

मग ब्रँडाइस यांचें काय? १९१७ सालीं लुईव्हिलच्याच एका खटल्यांत, गोऱ्यांच्या वस्तींत कृष्णवर्णीयांनीं राहूं नये असा नगरपालिकेचा नियम सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें रद्द केला. त्या एकमतांत तेही होते. पण १९२७ सालीं मिसिसिपींतील एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेंतून वगळणें योग्य आहे असा एकमुखी निकाल झाला, त्यालाही त्यांनीं मान डोलाविली. हार्लन यांचे कागद जपणाऱ्या या पुरुषाला त्या दिवशीं हार्लन यांचें धैर्य झालें नाहीं, असें म्हणणें प्राप्त आहे. १९३८ च्या डिसेंबरांत मात्र मिसूरी राज्यावर निकाल झाला कीं, गोऱ्यांसाठीं कायदेशाळा आहे तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची सोयही राज्यांतच झाली पाहिजे. परराज्यांतील फी भरून त्याची बोळवण करतां येणार नाहीं. या वेळीं ब्रँडाइस बहुमतांत होते. त्यानंतर दोनच महिन्यांनीं ते निवृत्त झाले.

शेवटचा घाव ग्रंथालयाच्या नांवानेंच बसला. टेक्सास राज्यानें कृष्णवर्णीयांसाठीं एक स्वतंत्र कायदेशाळा काढून समतेचा देखावा केला होता. १९५० च्या ५ जून रोजीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही ठिकाणचे ग्रंथ मोजले. गोऱ्यांच्या शाळेंत पासष्ट हजारांहून अधिक. दुसरीकडे साडेसोळा हजार. प्राध्यापक सोळा विरुद्ध पांच. शिवाय, न्यायालय म्हणालें, वकील होणारानें ज्यांच्याबरोबर पुढें काम करावयाचें त्या समाजापासून त्याला तोडून कायदा शिकवितां येत नाहीं. विद्यार्थ्याला मूळ शाळेंतच प्रवेश मिळाला.

केंटकींत याची पूर्वतयारी झालीच होती. लुईव्हिलचे शिक्षक लायमन जॉन्सन यांनीं १९४९ सालीं राज्याच्या विश्वविद्यालयावरील दावा जिंकला. १९५० सालीं ‘डे लॉ’ सैल करण्यांत आला, आणि त्याच वर्षीं लुईव्हिलच्या विश्वविद्यालयानें कायद्यासह आपल्या वरच्या शाखा सर्वांस खुल्या केल्या. पुढच्या वर्षीं बाकीच्या शाखाही उघडल्या आणि म्युनिसिपल कॉलेज बंद झालें. त्याच्या प्राध्यापकांपैकीं विश्वविद्यालयांत सामावून घेतले गेले ते एकटे चार्ल्स पॅरिश. विद्यार्थ्यांना दार उघडलें तरी शिक्षकांना तें इतकेंच किलकिलें झालें.

हें पाहावयास ब्रँडाइस हयात नव्हते. १९४१ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन येथें त्यांचें निधन झालें. त्यांच्या अस्थि लुईव्हिलला आणून कायदेशाळेच्या दर्शनी स्तंभपंक्तीखालीं पुरण्यांत आल्या. चार वर्षांनीं पत्नी ॲलिस यांच्याही तेथेंच ठेविल्या. १९९७ पासून शाळेला त्यांचें नांव आहे. त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह त्या शाळेच्या ग्रंथालयानें जपला असून त्याच छपराखालीं हार्लन यांचे कागदही आहेत.