शिक्क्यापासून मोर्तबापर्यंत : मराठी दफ्तरातील पत्रव्यवहार

मराठी राज्यात सरकारी पत्र कोणा एकाच्या हातून बाहेर पडत नसे. मजकूर चिटणीस लिही. तो तपासण्याचे काम सचिवाचे, म्हणजे जुन्या भाषेत सुरनिसाचे. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे नेमून दिली गेली. त्यांत सचिवाने राजपत्रे बारकाईने वाचावीत, अधिक-उणे अक्षर दुरुस्त करावे आणि मग संमतीचे चिन्ह करावे, असा नियम होता. लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, या एका व्यवस्थेवर पुढच्या दीडशे वर्षांचा दफ्तरी व्यवहार उभा राहिला.

पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब होई. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांवर मोठी मुद्रा वर आणि छोटी मर्यादामुद्रा शेवटी दिसते. शेवटच्या मुद्रेचे काम साधे होते. तिच्यापुढे एखादी ओळ आढळली, तर ती मागाहून घुसडलेली समजावी. पेशवेकाळात याच कामासाठी ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असलेल्या मुद्रा वापरात होत्या. आज ‘शिक्कामोर्तब’ हा एकच शब्द उरला आहे. त्यातले शिक्का आणि मोर्तब हे कागदाच्या दोन टोकांचे दोन पहारेकरी होते, हे सहसा लक्षात येत नाही. लांब कागद चिकटवून केलेल्या वतनपत्रांत आणि महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, सांध्यांवरही शिक्के मारीत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार’ अशा खुणांवरून कागद तपासला गेला आणि नोंदला गेला हे कळे.

पत्राचा आरंभ मायन्याने होई. बरोबरीच्या माणसाला ‘राजश्री’, वडीलधाऱ्याला ‘तीर्थस्वरूप’, हाताखालच्याला थेट आज्ञा, अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या. शेवटही तसाच ठरलेला: आज्ञापत्र ‘जाणिजे’वर संपे, विनंतीचे पत्र ‘हे विनंती’वर. ही केवळ शिष्टाचाराची हौस नव्हती. मायना चुकला तर मानापमानाचा प्रश्न उभा राही आणि मूळ काम बाजूला पडे. असे पत्र कसे लिहावे हे शिकवणाऱ्या टिपणांना ‘मेस्तक’ म्हणत. परंपरा त्यांचे कर्तृत्व देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याला देते. मोडी लिपीचा जनकही तोच असल्याचे सांगतात, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही.

या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा भाग उत्तराच्या पत्रात दिसतो. उत्तर लिहिणारा आधी आलेल्या पत्राचा मजकूर पुन्हा सांगे: तुम्ही अमुक लिहिले, तमुक लिहिले, ते कळले. मग एकेका कलमाचा जाब देई. आज वाचणाऱ्याला हा पाल्हाळ वाटतो. पण पत्र वाटेत दिवसचे दिवस काढी, आणि मधल्या काळात आणखी दोन पत्रे सुटलेली असत. तेव्हा कोणत्या पत्राला हे उत्तर, आणि त्याचा अर्थ काय घेतला गेला, हे दुसरीकडून कळायला मार्ग नव्हता. पत्र हाती आल्याची तारीख पावणाराच त्यावर ‘पौ’ असे लिहून नोंदवी. इतिहासकारांना या एका अक्षराचा फार उपयोग झाला आहे.

नाजूक गोष्ट मात्र कागदावर उतरत नसे. पत्र आणणारा ती मुखजबानी सांगेल, एवढेच लिहिलेले असे. सावकारांच्या पत्रांत तर सांकेतिक भाषाच चाले. 1761 च्या जानेवारीत पानिपतचा घात नानासाहेब पेशव्यांना कळला तो अशाच एका सावकारी कासिदाजवळच्या पत्रावरून, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. त्यात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि चांदी-तांब्याची नाणी गमावल्याची भाषा होती. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. सरकारी जासुदाआधी सावकाराचा कासीद पोचावा, यात आश्चर्य नाही. त्याच्या धन्याचा पैसा बातमीवर अवलंबून होता.

शब्दांचा प्रश्न वेगळाच. दफ्तर, मजकूर, मायना, रुजू, चिटणिसातला ‘नीस’, सगळे फारसी-अरबी वळणाचे. शिवाजी महाराजांनी ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला आणि सुमारे 1,400 दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरीही बोलण्यात पेशवा पेशवाच राहिला आणि फडणीस फडणीसच. कारकुनाच्या जिभेवर बसलेला शब्द कोशाने सहजी उठत नाही.

पुण्यातील हुजूर दफ्तर नाना फडणीसांच्या काळात सर्वांत नीटनेटके होते. तेथे सुमारे 200 कारकून काम करीत, असे इंग्रजी अहवालांत म्हटले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत नोंदी विस्कळीत झाल्या, कागद घरोघर गेले. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या हाताखालील मॅक्लिओडने जे हाती लागले ते लावून घेतले. त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात संपादित केले.

हे कागद ज्या मोडी लिपीत लिहिले जात, ती मात्र मागे पडली. बोरू न उचलता सरसर लिहिण्याची तिची सोय छापखान्याला अडचणीची ठरली, आणि 1917 मध्ये मुंबई इलाख्याने कारभारासाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, स्वीकारली. शब्दांचा प्रश्नही पुन्हा हाती घेतला गेला: बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली आठ भाषांतला शासनशब्दांचा कोश निघाला. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. दरम्यान ‘बार’च्या जागी आवक-जावक नोंदवही आली होती, आणि ‘रा. रा.’ हा मायना खासगी पाकिटांवर आणखी काही वर्षे टिकून होता.