एका माशाचा बॅकअप

विस्कॉन्सिनमधल्या बेफिल्ड गावाहून मॅडलिन बेटावर उन्हाळ्यात फेरीबोट जाते. थंडी नीट पडली तर फेब्रुवारीत त्याच पाण्यावरून मोटारी जातात. लेक सुपिरियरच्या बर्फावर चक्क रस्ता आखलेला असतो, आणि कडेने खुणेला रोवलेली असतात नाताळ संपल्यावर लोकांनी टाकून दिलेली झाडं. आम्ही त्या रस्त्याच्या बऱ्याच पलीकडे, स्लेजवर सामान ओढत चालत गेलो होतो. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली काही वर्षं मिनेसोटात. उणे सतरा तापमान. ऑगरने फूटभर जाड बर्फाला भोक पाडलं, तर खाली काळं पाणी. खोली शंभर फुटांच्या वर.

इथे लेक ट्राउट धरायची जुनी पद्धत म्हणजे 'बॉबिंग'. रॉड नाही, रीळ नाही. लाकडी काठीला दोरी गुंडाळलेली, टोकाला जड आमिष. दोरी तळापर्यंत सोडायची आणि हाताने वर-खाली झटके देत बसायचं. मित्राला ही पद्धत पहिल्याच दिवशी आवडली होती म्हणे. "आमच्याकडे गरवतात तसंच की रे. फक्त होडीच्या जागी बर्फ."

तीन तास काहीही झालं नाही. मी थर्मासमधला चहा संपवला, पायांची बोटं आहेत की गेली ते दोनदा तपासलं. मग त्याचा हात एकदम खाली ओढला गेला.

"मासो गावलो रे!"

दोरी हाताखाली गोळा होत असताना आधी वर आले ते बुडबुडे. लेक ट्राउटच्या हवेच्या पिशवीतून घशाकडे एक नळी जाते. खोल पाण्यातून वर येताना फुगणारी हवा तो तोंडावाटे सोडून देतो. ज्या माशांना ही सोय नाही ते इतक्या खोलून झटकन वर आणले की फुगून अर्धमेले होतात. मागोमाग मासा आला. राखाडी-हिरवट अंग, त्यावर फिकट ठिपके, खोल दुभंगलेली शेपटी, खालच्या परांना पांढरी किनार. मित्राने हातमोजा काढला आणि पाठीवर, शेपटीच्या जरा आधी, बोट फिरवलं. तिथे एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचे पर ओळखीसाठी कापून मगच त्यांना सोडतात.

"सगळे पर शाबूत आहेत. इथलाच आहे हा."

मग त्याने मासा उलटा केला. कल्ल्यामागे, छातीच्या पराजवळ, रुपयाच्या नाण्याएवढा गोल व्रण होता. भरून आलेला.

"आणि ही लॅम्प्रेची सही."

या माशाला इथले मूळ रहिवासी, म्हणजे ओजिब्वे लोक, 'नमेगोस' म्हणतात. शेजारच्या क्री भाषेतलं तसंच नाव पुढे शास्त्रीय नावात गेलं: साल्व्हेलिनस नमेकुश. बर्फाला भोक पाडून तो धरणं हेही त्यांचंच. भोकावर कातडं किंवा घोंगडी पांघरून अंधार करायचा म्हणजे पाण्यातलं लख्ख दिसतं. मग लाकडात कोरलेला खोटा मासा नाचवायचा आणि खरा जवळ आला की भाला. आमच्याकडे त्या दिवशी सोनार होतं, तरी तीन तासांत एकच मासा मिळाला, हे नोंदवून ठेवतो.

आता त्या गोल व्रणाबद्दल.

सी लॅम्प्रे हा अटलांटिक महासागराकडचा प्राणी. दिसायला वामीसारखा, पण वामीला जबडा असतो, याला नसतो. त्या जागी दातांच्या वर्तुळांनी भरलेली एक चकती. ती माशाच्या अंगाला चिकटवायची, जिभेने भोक पाडायचं आणि रक्त पीत राहायचं. एक लॅम्प्रे वर्ष-दीड वर्षाच्या या काळात चाळीस पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १८ किलो, मासे मारू शकतो. ओंटारिओ सरोवराच्या पुढे त्याला जाता येत नव्हतं, कारण मध्ये नायगारा. पन्नास मीटरचा धबधबा म्हणजे हजारो वर्षं कुणीही देखभाल न करता चाललेला फायरवॉल.

१८२९ मध्ये त्याला वळसा घालून वेलँड कालवा सुरू झाला. जहाजांना वरच्या सरोवरांत जायचं होतं, आणि त्या हिशेबात काही चूक नव्हती. लॅम्प्रे लगेच आले नाहीत. कालवा पुन्हा पुन्हा रुंद, खोल होत गेला, आणि १९२१ मध्ये ईरी सरोवरात पहिला लॅम्प्रे सापडला. मग मात्र वेग बघा: १९३६ मिशिगन, १९३७ ह्युरॉन, १९३८ सुपिरियर. वरच्या सरोवरांतून पूर्वी वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट निघायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा ३ लाखांच्या आसपास आला. गावंच्या गावं या माशावर जगत होती.

सगळं खापर लॅम्प्रेवर फोडायची पद्धत आहे. मला ती जरा सोयीची वाटते. लॅम्प्रे येण्याआधीची कित्येक दशकं इथे बेसुमार जाळी पडत होती, आणि मासा कमी झाला तसे लोक जाळी वाढवत गेले. ट्राउट वयात यायलाच सहा-सात वर्षं घेतो. अशा माशाला एकाच वेळी दोन शिकारी परवडत नाहीत. त्यातला एक दिसायला भयंकर होता, एवढंच.

उपाय सापडला तो मात्र ऐकण्यासारखा आहे. लॅम्प्रेची पिल्लं नद्या-ओढ्यांच्या गाळात काही वर्षं काढतात आणि मगच सरोवरात उतरतात. म्हणजे मारायचं तर तिथेच. पण ओढ्यात विष टाकलं तर बाकीचे मासेही मरणार. मिशिगन राज्यात ह्युरॉन सरोवराच्या काठी हॅमंड बे इथे व्हर्नन ॲपलगेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बरण्या मांडल्या. बरणीत लॅम्प्रेची पिल्लं आणि सोबत दुसरे मासे. एक रसायन टाकायचं, कोण मरतं बघायचं, बरणी धुवायची, पुढचं रसायन. सुमारे सहा हजार रसायनं झाली. याला आम्ही ब्रूट फोर्स म्हणतो आणि इंटरव्ह्यूत असं उत्तर दिलं तर नोकरी मिळत नाही. त्यांना टीएफएम मिळालं. बाकीच्या माशांचं शरीर योग्य मात्रेतलं हे विष मोडून बाहेर टाकतं, लॅम्प्रेला ते नीट जमत नाही. १९५८ पासून ते ओढ्यांत सोडायला सुरुवात झाली आणि लॅम्प्रे सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले.

संपले नाहीत. कोविडच्या काळात फवारणीच्या टीम घरी बसल्या, कामं अर्धवट राहिली, आणि पुढच्या वर्षांत लॅम्प्रे पुन्हा वाढले. आमच्या माशावरचा व्रण त्यातलाच की काय, ते सांगता येत नाही.

सुपिरियर सावरलं, कारण त्याच्याकडे थोडं मूळ बियाणं उरलं होतं. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातल्या काही खडकाळ उंचवट्यांवर जुने ट्राउट टिकून राहिले. त्यातला एक, गल आयलंड शोल, आम्ही बसलो होतो त्याच बेटांच्या समूहाजवळ आहे. १९७६ पासून तिथे मासेमारी बंद आहे. पिल्लं सोडली, जाळ्यांवर मर्यादा घातल्या, लॅम्प्रे दाबून ठेवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेट लेक्स फिशरी कमिशनने जाहीर केलं की सुपिरियरमधला लेक ट्राउट पूर्ववत झाला आहे.

मिशिगन सरोवराचं तसं नव्हतं. तिथला मूळ ट्राउट १९५० च्या दशकात संपला. मोठा शिकारी गेल्यावर एलवाइफ नावाचा परका छोटा मासा बेसुमार वाढला. १९६७ मध्ये शिकागोच्या किनाऱ्यांवर त्याच्या मेलेल्या माशांचे ढीग लागले होते. १९६५ पासून ट्राउटची पिल्लं सोडायला सुरुवात झाली. ती जगली, मोठी झाली, पण कित्येक दशकं त्यांची स्वतःची प्रजा जवळपास दिसेना. एक कारण त्यांच्या खाण्यात होतं. एलवाइफच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडणारं एन्झाइम असतं. तेच खाऊन वाढलेल्या मादीच्या अंड्यांत थायमिन कमी पडतं आणि पिल्लं बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत मरतात.

सोडायची पिल्लं मुळात आणायची कुठून, हाही प्रश्न होताच. प्रत्येक सरोवराचा ट्राउट थोडा वेगळा असतो, आणि मिशिगनचा तर उरलाच नव्हता.

उरला होता. हजारेक मैलांवर, वायोमिंगच्या डोंगरांत.

१८९० मध्ये अमेरिकी सरकारच्या फिश कमिशनने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लुईस आणि शोशोनी या दोन सरोवरांत लेक ट्राउट सोडले होते. वाटेत धबधबे असल्यामुळे या सरोवरांत एकही मासा नव्हता. येणाऱ्या पर्यटकांना गळ टाकायला काहीतरी हवं, एवढाच विचार. त्यांनी आणलेलं बियाणं होतं मिशिगन सरोवराचं. वंश जपून ठेवावा असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पण घरचा मासा मेला तेव्हा ही कॉपी धडधाकट होती. लॅम्प्रे नाहीत, एलवाइफ नाहीत, मोठी जाळी नाहीत. लुईस सरोवराच्या वंशाची पिल्लं मग हॅचरीत वाढवून मिशिगनमध्ये परत सोडली गेली. मी बॅकअप घ्यायच्या कामावर पगार घेतो, त्यामुळे ही गोष्ट कळली तेव्हा मला फार आनंद झाला. तो पुढचं वाचेपर्यंत टिकला.

लुईसपासून थोड्याच अंतरावर यलोस्टोन सरोवर आहे. दोन्हींच्या मधून खंडाचा जलविभाजक जातो. लुईसचं पाणी शेवटी पॅसिफिकला मिळतं, यलोस्टोनचं अटलांटिककडे. मासा आपण होऊन इकडून तिकडे जाण्यासारखा नाही. तरीही १९९४ च्या उन्हाळ्यात यलोस्टोन सरोवरात एकाच्या गळाला लेक ट्राउट लागला. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. तो झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो आणि त्या त्या वेळच्या पाण्याची रासायनिक नोंद त्यात राहते. ते खडे तपासल्यावर बोट गेलं लुईस सरोवराकडे. कुणीतरी मासे तिथून इथे आणले होते. कोणी, ते कधीच कळलं नाही.

यलोस्टोन सरोवरातला मूळ मासा म्हणजे कटथ्रोट ट्राउट. तो अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, आणि अस्वलांपासून ऑस्प्रेपर्यंत सगळे त्याच्यावर जगतात. क्लिअर क्रीक या एकाच ओढ्यात १९७८ मध्ये सत्तर हजारांवर कटथ्रोट मोजले होते. २००७ मध्ये ते पाचशेच्या आसपास उरले. दुष्काळ आणि एका परजीवीचाही त्यात हात होता, पण मुख्य शिकारी लेक ट्राउट. तो कटथ्रोट खातो आणि स्वतः मात्र अस्वलाच्या तोंडी लागत नाही, कारण तो खोल पाण्यात राहतो आणि अंडीही सरोवरातच घालतो. ऑस्प्रेंची घरटी कमी झाली. ओढ्यांवर मासे खाणारी अस्वलं एल्क हरणांच्या पाडसांकडे वळली.

आपल्याकडेही आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये अन्न म्हणून आणला. आज भिगवणला उजनीच्या काठी 'चिलापी' म्हणून तो ताटात येतो आणि तिथल्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. त्याने कुणाची जागा घेतली हे विचारणं बरोबरच आहे. जाळं ओढणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारताना आवाज जरा खाली येतो, हेही खरं.

यलोस्टोनमध्ये प्रश्न विचारायची वेळ कधीच निघून गेली. १९९४ पासून तिथून चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट काढून मारले आहेत. बर्फ वितळला की बोटी जाळी घेऊन निघतात. गळाला लागलेला लेक ट्राउट पाण्यात परत सोडायला पर्यटकांना बंदी आहे, तो मारायचाच. मेलेले मासे त्यांच्याच अंडी घालायच्या खडकाळ जागांवर नेऊन टाकायचा प्रयोगही झाला. ते कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खालची अंडी मरतात.

त्या सरोवरातल्या माशांचं मूळ लुईसमध्ये, आणि लुईसच्या माशांचं मिशिगनमध्ये. जलविभाजकाच्या अलीकडे, लुईस सरोवरात, १८९० मध्ये सोडलेल्या माशांचे वंशज अजून आहेत.