रात्रीची वीज, संध्याकाळची थंडी

वीज साठवणे अवघड असते, हे आपण वर्गात शिकवतो. उष्णता मात्र सहज साठवता येते. ब्रिटनमध्ये याच तत्त्वावर घराघरांतून एक मोठा प्रयोग झाला. रात्री विजेची मागणी उतरते, पण कोळशाची आणि अणुशक्तीची मोठी केंद्रे रोज बंद-चालू करणे परवडत नाही. म्हणून १९७८ मध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' हा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त. दिवसा मात्र नेहमीपेक्षा महाग. हीटरमधल्या जड विटा रात्री तापायच्या आणि दिवसभर ऊब सोडायच्या.

आता न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम आठवू या. तापमानातला फरक जास्त, तेव्हा उष्णता वेगाने बाहेर पडते. विटा सर्वांत गरम असत त्या सकाळी, आणि तेव्हा तर मंडळी कामावर निघालेली! संध्याकाळी घरी यावे तो हीटर कोमट. मग साधा हीटर लावायचा, तोही महाग दराने. गॅसची सोय नसलेल्या इमारतींतल्या भाडेकरूंना तर दुसरा पर्यायच नसे.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात, ठरावीक वेळी वापर कमी करणाऱ्यांना तिथे मोबदला मिळाला. सुमारे १६ लाख घरे व व्यवसाय सहभागी झाले. अट होती स्मार्ट मीटरची. शिवाय बचत मोजली जाई ती ज्याच्या-त्याच्या नेहमीच्या वापराशी तुलना करून. आम्हांला खटकते ते इथेच : जो आधीच एका दिव्यावर भागवतो, त्याने कमी करायचे तरी काय?