आधी बातम्या, मग सिनेमा : दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील

सेनगाव : टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. रिमोट दाबला की चार चॅनेलवर चार अँकर दिसतात, आणि मोबाइलवर तर गावोगावच्या पोरी माईक धरून बोलताना दिसतात. पण मराठीत हे काम अगदी सुरुवातीला ज्या मोजक्या बायकांनी केलं, त्यांत एक नाव स्मिता पाटील यांचं आहे. सिनेमातल्या म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. बातम्या वाचणाऱ्या म्हणून मात्र आपल्या भागात फार थोड्यांना माहीत असतील. कारण साधं आहे. त्या बातम्या वाचायच्या तेव्हा सेनगाव, गोरेगावकडं टीव्हीच नव्हता.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. घराणं मात्र खानदेशातलं, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यात होते, पुढं सहकारात आणि राजकारणात आले, राज्यात मंत्री झाले. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. आई विद्याताई सामाजिक कामात होत्या. पुण्यात शाळेत असताना स्मिता राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात जायच्या. चार लोकांपुढं उभं राहायची, मोठ्यानं बोलायची, गावोगाव हिंडायची सवय तिथंच लागली. पुढारी घरची पोर म्हणून सगळं आयतं मिळालं असं कुणी म्हणेल, पण कॅमेऱ्यापुढं बसल्यावर वडिलांचं नाव कामाला येत नाही. तिथं आवाज आणि चेहराच लागतो.

बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेला टीव्ही

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हाताऱ्या माणसांना हे साल वेगळ्याच कारणानं पाठ आहे. बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यात बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, लाल मिलोच्या भाकरी अन् सुकडी खाऊन दिवस काढत होती, आणि त्याच वर्षी मुंबईत वरळीला टीव्हीचं केंद्र उघडलं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ लाच प्रयोग म्हणून टीव्ही चालू झाला होता, आणि १९६५ मध्ये तिथं पाच मिनिटांच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा त्या प्रतिमा पुरी यांनी वाचल्या. म्हणजे देशातल्या टीव्हीची पहिली बातमी बाईच्याच तोंडून आली.

मुंबईचा टीव्ही सुरुवातीला मुंबई आणि आसपासच दिसायचा. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या यंत्रणेमुळं पुण्याला दिसू लागला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा मोठा सरकारी प्रयोग झाला, ६ राज्यांतली २,४०० गावं घेतली होती. त्यात आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश ही आपल्या शेजारची राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडं, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, बातमी यायची ती रेडिओवर, एसटीतून आलेल्या शिळ्या पेपरात नाहीतर बाजारच्या दिवशी तोंडोतोंडी.

फोटोवरून मिळालेलं काम

या नव्या केंद्राला मराठी बातम्या वाचणारी माणसं पाहिजे होती. स्मिता पाटील तिथं कशा पोचल्या, याची हकीकत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. त्यांची मैत्रीण ज्योत्स्ना किरपेकर दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. ज्योत्स्ना यांचे पती दीपक किरपेकर छायाचित्रकार. त्यांनी स्मिताचे काही फोटो काढले होते. ते दूरदर्शन केंद्रात दाखवले गेले, केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेस पडले आणि चाचणीला बोलावणं आलं. तेव्हा स्मिता विशीच्या आतल्या. आजच्या हिशेबानं बारावी होऊन कॉलेजात गेलेली पोर.

त्या वेळी बातम्या वाचणं म्हणजे काय काम होतं, हे समजून घ्यायला पाहिजे. आज अँकरपुढं पडदा असतो, त्यावर अक्षरं वर सरकत जातात, नजर कॅमेऱ्यावर ठेवून वाचता येतं. तेव्हा तसलं काही नव्हतं. हातात कागद. एक ओळ डोळ्यांत भरून घ्यायची, मान वर करायची, कॅमेऱ्याकडं बघून ती बोलायची, पुन्हा खाली बघायचं आणि ओळ चुकू द्यायची नाही. सगळं थेट चालायचं. खोकला आला, जीभ अडखळली, तरी ते घरोघरी दिसायचं. वर ते सरकारी माध्यम. आवाजात राग नको, हसू नको, बाजू घेतल्यासारखं तर मुळीच नको.

एक फरक इथं सांगितला पाहिजे. बातमी आणणारा वेगळा, लिहिणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. आपल्या तालुक्यात गारपीट झाली की मोबाइल घेऊन शेतात येतो तो चॅनेलचा स्ट्रिंगर. बातमी लिहून नीट करणारा डेस्कवर. आणि स्टुडिओत बसून सांगते ती अँकर किंवा वृत्तनिवेदिका. स्मिता पाटील यांचं काम हे शेवटचं होतं. बातमी शोधायला त्या हिंडल्या नाहीत, म्हणून त्यांना आजच्या अर्थानं पत्रकार म्हणता येईल का, यावर कुणी वाद घालू शकतो. पण ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो वाचणाऱ्याच्या तोंडावर. बातमी खरी असून वाचणारा डळमळला तर घरात बसलेला माणूस म्हणतो, काहीतरी गडबड दिसते.

जीन्सवर साडी

त्यांच्या बातम्यांची एक गोष्ट अजून सांगितली जाते. कॉलेजची पोरगी, घालायची जीन्स. बातम्यांची वेळ झाली की वरून हातमागाची साडी गुंडाळायची, मोठी टिकली लावायची आणि कॅमेऱ्यापुढं बसायचं. टेबलामागं पाय कुणाला दिसतात! बघणाऱ्यांना दिसायची ती नेटकी मराठी बाई. पुढं लोक तिची साडी आणि टिकली बघायलाही टीव्ही लावू लागले, असं सांगतात.

तेव्हाचा टीव्ही काळा-पांढरा. स्मिता रंगानं सावळ्या. आपल्याकडं स्थळ बघायला गेलं की आजही पोरीचा रंग पहिल्यांदा विचारतात, सिनेमातही गोरेपणाचंच कौतुक. त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मात्र बघणाऱ्याचं लक्ष डोळ्यांवर आणि आवाजावर जायचं. सावळी पोर महाराष्ट्राच्या राजधानीतून बातम्या सांगते आणि लोक मन लावून ऐकतात, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती.

दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना टीव्हीवर बातम्या वाचताना पाहिलं. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनीही त्यांचं नाव सुचवलं होतं. त्याआधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या १९७४ च्या लघुपटात त्यांनी काम केलं होतं. बेनेगल यांनी १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ मध्ये घेतलं, आणि बातम्यांची खुर्ची मागं पडली. टीव्हीवरचा काळ तसा थोडकाच.

‘मंथन’ आणि पुढं

त्यांच्या सिनेमांची यादी मोठी आहे, सगळी इथं देण्यात अर्थ नाही. पण शेतकऱ्यानं एक तरी बघावा, तो १९७६ चा ‘मंथन’. गुजरातमधल्या दूध सहकाराची गोष्ट. सिनेमाला पैसा लावला तो ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी २ रुपये घालून. स्मिता त्यात बिंदू नावाची दूध घालणारी बाई झाल्या. फॅट कसं मोजतात, खासगी डेअरीवाला भाव कसा पाडतो, गावात सोसायटी काढायची म्हटलं की कोण कोण आडवं येतं, हे सगळं त्यात आहे. डेअरीला दूध घालणाऱ्या कुणालाही ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बिंदू फार बोलत नाही, रडतही नाही. नुसती बघते. बातम्या वाचणाऱ्याला आपलं दुःख तोंडावर आणता येत नाही. ती सवय इथं कामाला आली असावी असं वाटतं.

१९७७ च्या ‘भूमिका’ साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेला. पुढं ‘चक्र’ साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. ती मूळ कादंबरी जयवंत दळवींची. मराठीत जब्बार पटेल यांचे ‘जैत रे जैत’ आणि १९८२ चा ‘उंबरठा’. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथला कारभार बघून गप्प बसत नाही, आणि परत येते तेव्हा घरात तिची जागा राहिलेली नसते. सिनेमा आला तेव्हा बरीच चर्चा झाली होती. बायकोनं नोकरीसाठी बाहेरगावी राहायचं की नाही, यावर आपल्याकडं अजून बैठका बसतात, तेव्हा तो जुना झाला असं म्हणता येत नाही. पडद्याबाहेरही मुंबईतल्या बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांशी त्यांचा संबंध होता.

१९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ते आधीच विवाहित असल्यानं तेव्हा टीका बरीच झाली. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा प्रतीक झाला आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत १३ डिसेंबर १९८६ ला त्या गेल्या. वय ३१. मुंबईत, एवढं नाव असलेल्या बाईचं हे झालं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे किती नाजूक असतात, हे आशाताई घरी येऊन सांगतात तेव्हा ते मनावर घ्यायला पाहिजे. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ त्यांच्या मागं पडद्यावर आला.

त्यानंतर दीड महिन्यानं, २५ जानेवारी १९८७ ला, दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. खेड्यापाड्यांत घरावर अँटिना चढले ते साधारण याच काळात. म्हणजे आपल्या लोकांनी टीव्ही बघायला घेतला तेव्हा स्मिता पाटील नव्हत्या.

त्याच खुर्चीवरच्या भक्ती बर्वे

मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या आणखी एका बाईचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भक्ती बर्वे, १९४८ चा जन्म, गाव सांगली. आकाशवाणीवरही त्यांनी काम केलं. १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ मधून त्या घरोघरी पोचल्या. गंमत अशी की १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’ मध्ये त्यांनी ‘खबरदार’ नावाच्या पत्रिकेची संपादिका केली, आणि तीही बातमी छापण्याऐवजी त्या बातमीवर पैसे उकळू पाहणारी. खऱ्या बातम्या वाचलेल्या बाईनं खोट्या पत्रकाराचं सोंग इतकं बेमालूम वठवलं की हसता हसता राग येतो. १२ फेब्रुवारी २००१ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात त्यांचं निधन झालं.

खासगी मराठी वृत्तवाहिन्या आल्या त्या बऱ्याच उशिरा. झी २४ तास आणि स्टार माझा, म्हणजे आताचं एबीपी माझा, दोन्ही २००७ मधले. आयबीएन लोकमत २००८ चं. तिथं बायका नुसत्या वाचायला नाही तर बातमी आणायलाही गेल्या. पुरात, मोर्च्यात, निवडणुकीत.

स्मिता पाटील यांना बघायचं असेल तर ‘मंथन’ पासून सुरुवात करावी. जुन्या फिती दुरुस्त करून तयार केलेली त्याची नवी प्रत मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्या देशातही थिएटरात लागली. चित्र आता इतकं स्वच्छ दिसतं की म्हशीच्या धारा काढताना बिंदूच्या हातातल्या बांगड्याही मोजता येतील.